मानेवरची खीळ

अंधेरीला गाडीत चढलेल्या उभ्या प्रवाशाला बोरिवलीपर्यंत एकच वाङ्मय उपलब्ध असतं: डब्यात चिकटवलेली स्टिकरं. मूळव्याध, भगंदर, फिशर आणि त्याच दमात मस, चामखीळ. मानेवरच्या आपल्या निरुपद्रवी दाण्याला कुणाच्या पंगतीला बसवलंय, असं वाटून मी कॉलर जरा वर ओढून घेई.

पण ही पंगत स्टिकरवाल्यानं मांडलेली नाही, सुश्रुतानं मांडली आहे. त्याच्या संहितेच्या निदानस्थानातला दुसरा अध्याय अर्शाचा, म्हणजे मूळव्याधीचा, आणि त्याच अध्यायात चर्मकीलही येते. बिघडलेला व्यान वायू कफाला हाताशी धरून कातडीवर खिळ्यासारखे घट्ट अंकुर उठवतो, असं त्याचं म्हणणं. चर्मकील झिजत झिजत आपल्या घरी चामखीळ झाली. प्रगतीला बसते तीही हीच खीळ; ही निदान मानेवर बसते.

खिळा दिसला तो आपल्याला. ग्रीकांना बोटाचं पेर दिसलं, त्यावरून कॉन्डिलोमा. रोमनांचा ‘व्हेरुका’ जुन्या लॅटिनमध्ये उंचवट्यालाही म्हणत. घाटकोपरच्या टेकडीवर राहणाऱ्याला ही कल्पना पटायला हरकत नाही. पहिल्या शतकातल्या सेल्ससनं तर चामखिळींच्या जाती लावल्या. एकीचं नाव थाइमच्या फुलावरून, दुसरीचं मुंगीवरून. आजार एवढासा, पण नाव ठेवायला प्रत्येकानं अंगणातलं काहीतरी उचलून आणलं.

मराठीचा मात्र एक घोटाळा आहे. मानेवर लोंबतो तोही दाणा चामखीळ आणि पोरांच्या बोटांवर उगवतो तो खरखरीत कोंबही चामखीळ. डॉक्टर पहिल्याला ‘स्किन टॅग’ म्हणून सोडून देतात. त्याला देठ असतो, म्हणून आमच्या मावशीचा घोड्याच्या शेपटीचा केस तिथे लागू पडतो. केस आवळला की रक्तपुरवठा तुटतो, दाणा काळा पडून गळतो. यात चमत्कार नाही. केस मिळवणं हाच काय तो चमत्कार. मुलुंडमध्ये वरातीच्या घोड्यामागे चिमटा घेऊन उभं राहून बघा. (आणि घरी असलं काही करू नका, जखम चिघळते.)

बोटांवरची चामखीळ मात्र विषाणूची. १९०७ साली जुसेप्पे चुफो या इटालियन डॉक्टरानं चामखिळींचा अर्क जिवाणूही अडकतील अशा गाळणीतून गाळून टोचला, तरी चामखिळी आल्याच. म्हणजे कारण जिवाणूहून बारीक. ह्या पॅपिलोमा विषाणूचे आज दोनशेहून अधिक प्रकार माहीत आहेत. त्यातल्या काहींचा गर्भाशयमुखाच्या कर्करोगाशी संबंध दाखवल्याबद्दल हॅराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ चं नोबेल मिळालं. बोटांवरचे प्रकार वेगळे, गरीब स्वभावाचे. मुलांच्या चामखिळींपैकी सुमारे दोन तृतीयांश दोन वर्षांत आपण होऊन जातात.

इथेच सगळ्या उपायांचं गुपित आहे. चुना लावा, बटाटा चोळा, अमावास्येला मीठ उतरवा. जाणारी चामखीळ जातेच आणि श्रेय त्या आठवड्यात जो उपाय चालू होता त्याला मिळतं. ओठावरच्या चामखिळीमुळे ‘व्हेरुकोसस’ म्हणवला गेलेला रोमन सेनापती फेबियस हा हनिबलशी समोरासमोर लढायचं टाळून, नुसता वेळ काढून त्याला जेरीस आणणारा निघाला, हे मला फार आवडतं. चामखिळीच्या बाबतीत याहून शहाणा सल्ला कुठला?

आमच्या भाचीला बोरिवलीच्या डॉक्टरीणबाईंनी हेच सांगितलं: “दुखत नाही ना? मग थांबा.” सल्ल्याची फी भरताना मेहुण्याचा चेहरा पडला. काही महिन्यांनी चामखीळ गेली. मावशी म्हणते, तिच्या चुन्यानं गेली. डॉक्टरीणबाईंचं नाव घरात कुणी काढत नाही.