हळदीच्या जिल्ह्यात पांढरेशुभ्र दात

सेनगाव तालुक्यातल्या साखऱ्यात दात पांढरे करायचे म्हटले, तर पहिली अडचण जिल्ह्याचीच. हिंगोली म्हणजे हळदीचं आगर. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. आणि दंतवैद्य ब्लीचिंगनंतर सांगणार काय? दोन दिवस चहा बंद, हळद बंद. म्हणजे वरण नाही, भाजी नाही. नवरदेवानं हळदीला बसायचं ते तोंड घट्ट मिटून!

म्हणून मग मोबाइलवरचा वैद्य गाठायचा. लिंबू पिळा, खायचा सोडा कालवा, घासा. लिंबातलं आम्ल दाताचं कवच मऊ करतं, सोडा ते खरवडतो. कवच झिजलं की आतला पिवळा थर डोकावतो. एकदा गेलेलं कवच पुन्हा उगवत नाही.

आजीचा उपाय याहून जुना. तव्यावर तंबाखू काळीकुट्ट होईपर्यंत भाजायची, चुरायची आणि बोटानं हिरड्यांवर फिरवायची. ही मिश्री. काळ्या भुकटीनं दात स्वच्छ होतात, हा विश्वास मानलाच पाहिजे! केंद्र सरकारनं १९९२ मध्ये टूथपेस्ट-दंतमंजनात तंबाखू घालायला बंदी केली. घरच्या तव्यापर्यंत ती पोचणार कशी?

खरं काम करतं ते ब्लीचिंगमधलं पेरॉक्साइड. युरोपात दुकानातल्या मालात ते ०.१ टक्क्यापर्यंतच चालतं. ६ टक्क्यांपर्यंतचं दंतवैद्याच्या देखरेखीखालीच. तेही कॅप आणि सिमेंटवर ढिम्म चालत नाही. शिवाय बऱ्याचदा पिवळेपणा म्हणजे नुसता साचलेला थर असतो, तो साध्या सफाईत निघतो. पण साध्या सफाईची रील कोण बघणार?