सुटका झाली, ठसे राहिले

पारध्यांच्या पालावर पोलिसांची गाडी आली की बाया आधी पोरं गोळा करतात. गावात चोरी झालेली असते, चोर माहीत नसतो, पण पाल कुठं आहे ते ठाण्याला पाठ असतं. ही खोड 1871च्या गुन्हेगार जमाती कायद्याची. अख्खी जमात नोंदवहीत, मग रोजची हजेरी, मग सोलापूरच्या सेटलमेंटसारखी तारेची कुंपणं. 31 ऑगस्ट 1952 रोजी तो कायदा गेला. भटके-विमुक्त हा दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. संशय मात्र गेला नाही.

आता त्या संशयाच्या हाती नवी वही आली आहे : फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायदा, 2022. 1920चा जुना कायदा बोटांचे-पावलांचे ठसे, मापं आणि फोटो यांवर भागवत होता. नव्यात तळहात, बुबुळ, डोळ्याचा पडदा, सही, हस्ताक्षर, जैविक नमुने, सगळं आलं. त्यासाठी दोषी ठरावं लागत नाही, अटक पुरते. स्त्री-बालकांविरुद्धचा किंवा सात वर्षांहून कमी नाही एवढ्या शिक्षेचा गुन्हा नसेल, तर अटक झालेल्याला जैविक नमुना नाकारता येतो, हे त्याच कायद्यात लिहिलं आहे. पालावर जाऊन ते सांगतं कोण? नोंद दिल्लीत, राष्ट्रीय गुन्हे नोंदणी ब्युरोकडे, आणि राहणार 75 वर्षं. म्हणजे विशीत उचललेल्या पोराची आयुष्यभर.

माझं भांडण तंत्राशी नाही. डीएनएमुळे बलात्कारी सापडतात, आणि नाहक अडकलेली माणसं सुटतातही. भांडण आहे ते नोंद पुसण्यावरून. पूर्वी शिक्षा न झालेला माणूस निर्दोष सुटला आणि अपिलं संपली, की न्यायालयानं कारण देऊन अडवलं नसेल तर नोंद नष्ट व्हावी, असं कायदा सांगतो. नियम मात्र म्हणतात, त्यासाठी नोडल अधिकाऱ्याकडे विनंती करा. ज्याच्याकडे धड रेशन कार्ड नाही, त्यानं हा अधिकारी शोधायचा कुठं? नोंद घेताना ठाणं त्याच्या दारात येतं; पुसायची वेळ आली की पायपीट त्याची.

24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. 2023च्या विदा संरक्षण कायद्यानं मात्र गुन्ह्यांच्या तपासाला बहुतेक बंधनांतून सूट दिली. पालावरच्या माणसाच्या हाती मग उरतो तो हा एक अर्ज.

नोंद पुसण्याची जबाबदारी ठाण्यावरच टाकणारा बदल नियमांत झाला पाहिजे, आणि त्यासाठी आमदार-खासदारांना विचारत राहिलं पाहिजे. तोवर वकील मित्रांना एक विनंती : अशील निर्दोष सुटला की निकालाची प्रत घेऊन थांबू नका. अपिलाचा मार्ग संपला की त्याच्यासाठी तो अर्ज तुम्हीच करा. फी घेऊ नका.