रिसेट मारू का?

सीएनसी मशीन चालवणाऱ्या फॅनुक कंट्रोलच्या बऱ्याच मॉडेलांत अलार्मच्या यादीत सगळ्यात वर, शून्य क्रमांकावर, एक फार सभ्य संदेश बसलेला आहे : 'प्लीज टर्न ऑफ पॉवर'. कोणीतरी असा एखादा पॅरामीटर बदललेला असतो, जो मशीन बंद करून पुन्हा चालू केल्याशिवाय लागू होत नाही. म्हणणं एवढंच. पण पडद्यावर ना त्या पॅरामीटरचं नाव, ना कारण, नुसती विनंती. नवा ऑपरेटर ती वाचतो आणि आधी दाराकडे पळायची वाट मोकळी आहे ना ते बघतो.

त्याखाली एक क्रमांकावर 'टीएच पॅरिटी अलार्म'. हा कागदी टेपच्या जमान्यातला. एक इंच रुंदीच्या टेपवर आडव्या ओळींत भोकं पाडून प्रोग्राम लिहीत, आणि प्रत्येक ओळीतली भोकं एका पद्धतीत विषम, तर दुसऱ्या पद्धतीत समच भरली पाहिजेत असा दंडक होता. भोक बुजलं किंवा फाटलं की हिशेब चुकायचा आणि हा अलार्म यायचा. कित्येक मॉडेलांच्या पुस्तकात त्यावरचा उपायही छापलेला आहे : टेप दुरुस्त करा. भोसरीतल्या आजच्या शॉपमध्ये टेप म्हणजे एक तर वायरला गुंडाळायची, नाहीतर मापं घ्यायची. प्रोग्राम पेनड्राइव्हवरून नाहीतर नेटवर्कवरून येतो. आज मशीनवर उभा असलेला मुलगा आयटीआयमध्ये जायच्या कितीतरी आधी टेप गेली. अलार्म मात्र सेवेत आहे.

या यादीशी माझा पोटापाण्याचा संबंध आहे. मशीन टूलच्या कंट्रोलसाठी सॉफ्टवेअर लिहितो, आणि त्यातही माझ्या वाट्याला अलीकडे संदेश सुधारण्याचं काम आलंय. घरी हे काम नीट समजावता येत नाही. 'म्हणजे मशीन बिघडल्यावर त्याने काय बोलायचं ते तू ठरवतोस,' अशी आईने त्याची व्याख्या केली आहे आणि तिच्यात सुधारणा करावीशी मला वाटलेली नाही. आमच्या धंद्यात या कामाला मान कमी, पण सल्लागार भरपूर. थ्रेडिंगच्या वेळी स्पिंडल आणि स्लाइड यांचा मेळ कसा बसवला, हे तपासायला कोणाला सवड नसते. 'नॉट रेडी'च्या जागी दुसरे चार शब्द घालू म्हटलं, की चहाच्या टपरीपर्यंत चर्चा जाते.

चर्चा बहुतेक वेळा चुकीच्या प्रश्नावर होते. काय झालं ते मशीनने कसं सांगावं, असा आमचा प्रश्न. रात्रपाळीला मशीन थांबतं तेव्हा ऑपरेटरचा प्रश्न तो नसतो. तो फोन करतो आणि विचारतो, "सर, रिसेट मारू का?" त्या चार शब्दांत त्याचं सगळं आलेलं असतं. झिरो (मोजणीची मूळ जागा) जागेवर आहे की गेला? टूल जॉबमध्ये अडकलंय, ते आधी बाहेर काढू की पुन्हा होम मारू? सकाळपासून लागलेलं कास्टिंग वाचणार, की स्क्रॅपच्या पेटीत? काय झालं ते सावकाश, उद्या मेन्टेनन्सवाले आल्यावर कळलं तरी त्याला चालतं. पुढच्या मिनिटात कुठल्या बटणावर बोट ठेवायचं ते त्याला आत्ता हवं असतं.

या एका प्रश्नाची चाळणी लावून बघितलं, की भलेभले संदेश खाली पडतात. १०१ क्रमांक घ्या : 'प्लीज क्लिअर मेमरी'. पुन्हा विनंती. प्रोग्राम एडिट करत असताना लाईट गेली की हा येतो. मेमरी पुसा म्हणजे कोणती? चाललेला प्रोग्राम, की वर्षानुवर्षं जमवलेले सगळे? 'प्रोग' आणि 'रिसेट' ही बटणं एकत्र दाबा, फक्त एडिट होत असलेला प्रोग्राम जाईल, हे दिलासा देणारं वाक्य आहे, पण ते पुस्तकात. पुस्तक कपाटात. कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे, ते जनरल शिफ्टला येतात. १०० क्रमांकाचा 'पॅरामीटर राइट एनेबल' तर बिघाडच नाही. पॅरामीटर बदलायचं कुलूप तुम्ही स्वतःच उघडलंय, ते लावा, अशी ती आठवण. पण कोपऱ्यात अलार्म अशी अक्षरं लुकलुकायला लागली, की आठवण कोणती आणि बिघाड कोणता हे समजायला अनुभव लागतो.

याच कंट्रोलवरची एक सुधारणा मला मनापासून आवडते, ती मात्र समजून घ्यायला थोडं आत शिरावं लागेल. कंट्रोल स्लाइडला क्षणोक्षणी सांगत असतो, आता इथे असायला हवंस, आता इथे. स्लाइड नेहमी किंचित मागेच असते, आणि ते कंट्रोलला मान्यही असतं. जत्रेत बाप पुढे चालतो, पोर मागून येतं, आणि बाप अधूनमधून वळून बघतो, तसं हे. अंतर ठरवलेल्या मर्यादेपलीकडे गेलं, की कंट्रोल सगळं जागच्या जागी थांबवतो. फॅनुकमध्ये याचे दोन क्रमांक आहेत. स्लाइड उभी असताना अंतर वाढलं तर ४१०, चालताना वाढलं तर ४११. जुन्या मॉडेलांवर दोन्हींच्या पुढचा मजकूर मात्र एकच, 'एक्सेस एरर'. उभी स्लाइड ढकलली जातेय आणि चालती स्लाइड मागे पडतेय, या दोन अगदी वेगळ्या तक्रारी. पहिलीत उभ्या स्लाइडचा ब्रेक आधी बघायचा, दुसरीत कुठे चिप्स अडकल्यात का, वंगण पोचतंय का, फीड अवाच्या सवा आहे का, ते. म्हणून जुने सेटर मजकूर वाचतच नाहीत, आकडा वाचतात. इंग्रजी कच्चं म्हणून नव्हे. आकड्यात जास्त माहिती असते म्हणून. नव्या मॉडेलांत या मजकुरापुढे एकाला 'स्टॉप' आणि दुसऱ्याला 'मूव्हिंग' असा एकेक शब्द लागला. एका शब्दाची भर, आणि पुस्तकाचं एक पान कमी उघडावं लागतं.

उलटी दिशाही पाहण्यासारखी आहे. छंदाच्या छोट्या राउटरवर जीआरबीएल नावाचा कंट्रोल चालतो. त्याच्या चिपमध्ये प्रोग्रामसाठी जागा ३२ केबी. मोबाइलवर येणारा सुप्रभातचा फोटो त्यात मावणार नाही. आधीच्या आवृत्तीत तो 'अलार्म लॉक' असं शब्दांत सांगायचा. १.१ आवृत्तीत जागा वाचवायला शब्द काढले आणि आकडे ठेवले. आता तो 'एरर ९' म्हणतो. शब्दांच्या याद्या वेगळ्या फाइलींत सोबत दिल्या, त्या संगणकावरच्या प्रोग्रामने वाचून दाखवावी अशी अपेक्षा. आणि गंमत म्हणजे मी पाहिलेल्या संदेशांपैकी सर्वांत समजूतदार दोन संदेश त्याच फाइलींत आहेत. अलार्म १ : लिमिट स्विच लागला, मशीन झटक्यात थांबलं, त्यामुळे जागा चुकली असण्याची शक्यता आहे, पुन्हा होम करा. अलार्म २ : प्रोग्रामने मशीनच्या हद्दीबाहेर जायला सांगितलं होतं, जागा सुरक्षित आहे, लॉक काढलात तरी चालेल. झिरो गेला की राहिला, ते सरळ सांगितलंय. ज्याने कोणी हे लिहिलं, त्याचा एखादा जॉब नक्की वाया गेलेला असणार.

लिनक्ससीएनसी हा खुला कंट्रोल अमेरिकेच्या मापन आणि प्रमाणन संस्थेत, एनआयएसटीमध्ये, जन्मला. आधी त्याचं नाव ईएमसी होतं, २०११ साली बदललं. त्याचा स्वभाव फॅनुकच्या अगदी उलट, बोलघेवडा. गोलाकार कटमध्ये सुरुवातीची आणि शेवटची त्रिज्या जुळली नाही, तर फॅनुक 'ओव्हर टॉलरन्स ऑफ रेडियस' म्हणून गप्प. लिनक्ससीएनसी आरंभबिंदू, केंद्र, अंत्यबिंदू, दोन्ही त्रिज्या, फरक आणि फरकाची टक्केवारी असं सगळं वाचून दाखवतो. प्रोग्राम लिहिणाऱ्याला हे वरदान. पण तोच कंट्रोल स्लाइड मागे पडली तर 'जॉइंट १ फॉलोइंग एरर' एवढंच पुटपुटतो, आणि जॉइंट शून्यापासून मोजतो. साध्या मिलिंगवर जॉइंट १ म्हणजे वाय. ऑपरेटर एक नंबरचा म्हणून एक्सची मोटर उघडून बसतो. लिनक्ससीएनसीच्याच एका संदेशावर मात्र चांगला हात फिरलाय. संगणकाला वेळेवर पल्स देता आले नाहीत तर 'अनपेक्षित विलंब' अशी तक्रार तो पूर्वीही करायचा. आता पुढे सांगतो, की हा संदेश एकदाच दिसेल, लेटन्सी टेस्ट चालवा आणि दोष काढल्याशिवाय पुढे जाऊ नका. रिसेट मारू का, याचं उत्तर त्यात आहे : नको.

इथवर वाचून कोणालाही वाटेल, मग सगळेच संदेश असे सविस्तर करून टाका की. तिथेच खरी अडचण आहे. ड्राइव्हने बोंब मारली, हे कंट्रोलला पुष्कळदा एका वायरवरून कळतं. वायरवर व्होल्टेज आहे किंवा नाही, एवढीच त्याची बातमी. त्यावरून 'मोटरवर लोड आलाय, फीड कमी करा' असं लिहिलं तर वाचायला छान वाटेल, आणि कपलिंगचा स्क्रू ढिला असताना मुलगा रात्रभर फीड कमी करत बसेल. 'अँप्लिफायर फॉल्ट' हा संदेश रुक्ष आहे, पण खोटं बोलत नाही. माझ्या मते मशीनने कारणाचा अंदाज करू नये. काय दिसलं ते सांगावं, जागा शाबूत आहे की नाही ते सांगावं, आणि कुठे बघायचं त्याचा बोट दाखवण्यापुरता इशारा द्यावा. माहीत नसेल तिथे तोंड बंद ठेवण्याचं हे तत्त्व आमच्या मीटिंगमध्येही मांडून पाहिलं. ठराव बारगळला.

आणखी एक भानगड असते ती गर्दीची. कंप्रेसर बसला की हवेचा अलार्म येतो, चक सुटायला नको म्हणून सायकल थांबते, मग स्पिंडल, मग सर्वो, मग दार, सगळे आपापली तक्रार घेऊन उभे. ऑपरेटर व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवतो, त्यात शेवटचे अलार्म असतात आणि ज्याने सुरुवात केली तो पडद्याच्या वर निघून गेलेला असतो. पहिला अलार्म ठळक दाखवा, बाकीचे मागे ढकला, ही सोय करायला फारशी बुद्धी लागत नाही. तरी ती किती मशीनवर असते, हे ज्याचं त्याने आपल्या शॉपमध्ये बघावं.

सेटर लोकांनी मात्र कोणाची वाट बघितलेली नाही. इलेक्ट्रिकल पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला मार्करने लिहिलेली यादी मी किती ठिकाणी पाहिली असेल. कोणता आकडा आला तर काय करायचं, कोणता आला तर हात लावायचा नाही. शिवाय फॅनुकच्या मॅक्रोत एक पळवाट आहे. प्रोग्राममध्ये ३००० नंबरच्या व्हेरिएबलला आकडा देऊन पुढे मजकूर लिहिला, की मशीन थांबतं आणि तो मजकूर अलार्म म्हणून झळकतो. बऱ्याच मॉडेलांत त्याला २६ अक्षरांची मर्यादा, आणि अक्षरं रोमन. त्यामुळे रोमन लिपीतली मराठी तिथे सुखाने नांदते. 'इन्सर्ट बघ आधी'. 'चिप्स काढ मग स्टार्ट'. आमच्या ओळखीच्या एका सेटरने प्रोब चुकीचं माप देतो तिथे 'रिसेट नको साहेबांना विचार' टाकायचं ठरवलं. रोमनमध्ये मधल्या जागांसकट ती २७ अक्षरं भरली. माझ्याकडे सल्ला मागितला. मी म्हटलं, साहेबांना काढून टाक, नुसतं विचार म्हण. तो म्हणाला, "नाही सर, मग ते शेजारच्या मशीनवाल्याला विचारतात." शेवटी त्याने साहेबांच्या दोन 'एन'मधला एक उडवला आणि संदेश बसला.