टेबलावरचं साम्राज्य

साम्राज्य बुडालं, पण इंग्लंडातल्या हौशी मंडळींनी ते टेबलावर शाबूत ठेवलंय. 28 मिलिमीटरचे खेळण्यातले शिपाई, लाल डगल्याचं एकेक बटण बारीक ब्रशनं रंगवलेलं. मग चार मित्र, चहा-बिस्किटं आणि फासे. कला आहे, गप्पा आहेत. नाव ठेवायला जागा नाही. लढाई मात्र बहुधा दक्षिण आफ्रिकेतली, 1879 ची रॉर्क्स ड्रिफ्ट: दीडशेएक गोरे, समोर हजारो झुलू, शेवटी शौर्याचे 11 व्हिक्टोरिया क्रॉस! त्याच दिवशी इसांडलवानाला झुलूंनी ब्रिटिश फौजेतले तेराशेहून अधिक कापले, तो डाव मांडायला उत्साह जरा बेताचाच. खऱ्या युद्धापेक्षा खेळातलं बरं, असं लेखक एच. जी. वेल्सनं 1913 मध्ये ‘लिटल वॉर्स’ लिहून सुचवलं होतं. पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटलं.