ढाळवाले आप्पा

कुठं फरशी उखडली की आप्पा हजर. बोलवावं लागत नाही. बांधकाम खात्यातून ओव्हरसियर म्हणून निवृत्त झालेला हा माणूस शर्टाच्या खिशात पेनाशेजारी वीतभर पाणसळ बाळगतो. लग्नाच्या पंगतीत बसले तरी आप्पा आधी पत्रावळीतलं वरण कुठं ओघळतं ते बघणार आणि यजमानाला सांगणार, "मांडव ईशान्येला उतरलाय."

तोरणमाळला त्यांच्या हाताखाली कधीकाळी मुकादम असलेल्या एका पावरा गृहस्थांनी जुन्या घरातली मागची खोली पर्यटकांना द्यायचं ठरवलं. पर्यटकांना यशवंत तलाव आवडतो, सीताखाई आवडते, कुडाच्या सारवलेल्या भिंतींचे तर ते फोटो काढतात. पण मुक्कामाचं निघालं की पहिला प्रश्न, "अटॅच आहे का?" म्हणून त्या घरात न्हाणी-संडास घालायचा होता. चूल आहे त्याच छपराखाली हे, म्हणून घरातल्या म्हातारीनं तोंड फिरवलं होतं. शहाद्याला आप्पांच्या कानावर गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं सातपायरीचा घाट चढून ते वर!

नळकाम करणारा आयटीआय झालेला तरुण होता. जोत्याचा एक दगड काढून त्यानं चार इंची पाईप बाहेर घेतला होता. आप्पांनी बूड टेकण्याआधी पाणसळ टेकवली.

"ढाळ किती?"

"पाणी जाईल ना, काका."

"पानी खाले जास, ते ढोरलेबी कळस! किती, ते सांग."

मग व्याख्यान झालं. चाळीस फुटांना एक फूट. कमी दिला तर तुंबतं. आणि भसकन उतरवला तर पाणी पुढं पळतं, मैला मागं बसून राहतो. पुराव्यादाखल घाटातल्या गटारांची हकिगत आली, तिच्यात दोन दरडी आणि एक कार्यकारी अभियंता वाहून गेले. (अभियंता बदलीनं.) यात आप्पांचं काही चुकत नव्हतं, हाच खरा त्रास. चुकणाऱ्या माणसाला गप्प बसवता येतं.

न्हाणीच्या तोंडाला जाळी बसवून पोरगा मोकळा झाला होता. आप्पांनी ती उचकटली. "नहाणी ट्रॅप कुठाय? खाली दोन इंच पाणी उभं राहिलं पाहिजे, तेच वास अडवतं. नाहीतर तुझा पर्यटक रात्री खोलीत झोपेल की टाकीत?" संडासाच्या नळीला बाक देऊन त्यात पाणी कोंडायची युक्ती १७७५ साली लंडनमध्ये अलेक्झांडर कमिंग नावाच्या घड्याळजीनं पेटंट केली, हेही त्यांनी सांगितलं. ते असं, की कमिंग त्यांच्याच डिव्हिजनला असावा. वासाचा पाईप कौलांतून वर काढायचा की भिंतीबाहेरून, यावर चहाचे दोन फेरे झाले. कौलातून काढला तर पावसाळ्यात तिथूनच गळणार, हे मुकादम हळूच बोलले. आप्पांनी त्यांच्याकडे कौतुकानं पाहिलं आणि तोच निर्णय स्वतःचा म्हणून जाहीर केला.

शोषखड्ड्याची जागा मात्र आप्पांनी पावलं मोजून स्वतः दाखवली. तीन फुटांवर पहार ठण्णकन वाजली. सातपुड्याचा काळा पाषाण, अखंड! त्यात पाणी मुरायचं कसं? सगळे आप्पांकडे बघू लागले.

"बघितलंत?" आप्पा म्हणाले. "इथं खड्डा घ्यायचा नसतो. हेच दाखवायचं होतं."

खड्डा खाली मातीच्या बांधाकडे गेला, हातपंपापासून चांगला लांब. पाईप वाढला, वाटेत वळणावर एक चेंबर आलं, सगळे उतार नव्यानं काढावे लागले. आप्पांचा चेहरा त्या दिवसभर नुसता फुललेला होता. एकदाचं काम संपलं तर हा माणूस आजारी पडेल, असं मला वाटून गेलं.

शेवटी चाचणी. आप्पा आत बादली घेऊन, पोरगा खाली खड्ड्याशी. बादली ओतली.

"आलं का?"

"आलं, काका!"

आप्पांनी घड्याळात पाहिलं. कपाळाला आठी पडली.

"फार लवकर आलं. काढ तो पाईप."