पासवर्डातल्या चांदण्या

लिनक्सच्या काळ्या खिडकीत, म्हणजे टर्मिनलमध्ये, पासवर्ड टाइप करताना पडद्यावर बहुधा काहीच उमटत नाही. अक्षर नाही, ठिपका नाही, साधी चांदणीसुद्धा नाही. कर्सर जागच्या जागी लुकलुकत राहतो. समाधी लागलेल्या योग्यापुढे आपण नाव-गाव-गोत्र सांगत बसावं आणि त्याची पापणीही हलू नये, तसं. जाणकार सांगतात, की यामागे सुरक्षेचा विचार आहे : मागून कुणी डोकावलं, तर पासवर्ड किती अक्षरी आहे हेही त्याला कळता कामा नये. विचार थोरच. पण मिरजेच्या आमच्या मावशीचा पासवर्ड स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर, दुधाच्या हिशेबाशेजारी, ठळक अक्षरांत लिहिलेला असतो. तिच्या मागून डोकावणारा एकच, आणि तो बोका आहे.

मावशीचा लॅपटॉप जुना, पण धडधाकट. भजनी मंडळाच्या याद्या, विजेचं बिल, नातवाशी व्हिडिओ कॉल, एवढाच त्याचा संसार. पण १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नेहमीची देखभाल थांबली, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची जी सोय लागते ती या लॅपटॉपपाशी नव्हती. दुखतखुपत काही नसताना त्याची सेवा संपली. मावशी शिक्षिका होती. नियत वयोमान म्हणजे काय, हे तिला समजावून सांगावं लागलं नाही. ‘मलाही असंच घरी बसवलं होतं’ म्हणाली आणि लॅपटॉपवरची धूळ पदराने पुसली.

मग विंडोजच्या जागी लिनक्स घालायचं ठरलं. तारखांचीही गंमत असते. १९९६ सालच्या १४ ऑक्टोबरलाच माथियास एट्रिख नावाच्या जर्मन विद्यार्थ्याने केडीईची कल्पना जाहीर केली होती. आपल्या मैत्रिणीचा संगणक लावून देताना त्याच्या लक्षात आलं, की हे साध्या माणसाचं काम नव्हे. मग त्याने ठरवलं, की लिनक्सला असा दर्शनी भाग द्यायचा, जो यंत्रणा सांभाळणाऱ्यांसाठी नसेल. चार पत्रं लिहिणाऱ्या, दोन खेळ खेळणाऱ्या माणसासाठी असेल. केडीई पुढे मोठं झालं, पण मला त्या मैत्रिणीचंच अप्रूप वाटतं. तिच्या कपाळावर तेव्हा एखादी आठी पडली असेल, असं मी आपलं समजतो. काही आठ्यांचे उपकार फार लांबवर पोचतात.

लिनक्स त्यानंतर कुठल्या कुठे गेलं. जगातल्या सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांवर २०१७ पासून तेच आहे. २०२१ मध्ये मंगळावर उडालेलं इंजेन्युइटी हेलिकॉप्टरही त्याच्याच जोरावर उडालं. मावशीच्या अँड्रॉइड फोनच्या पोटातही त्याचाच गाभा. फक्त तिच्या टेबलावर यायचं म्हटलं, की ते उंबऱ्याशी घुटमळतं.

त्याला कारण आहेत त्याची माणसं. उदार, अर्ध्या रात्री मदतीला धावणारी. पण ‘कुठलं लिनक्स घालू?’ एवढं विचारून बघा! एक उबुंटू म्हणतो, दुसरा फेडोरा, तिसऱ्याचं डेबियनशिवाय पान हलत नाही, आणि आर्चवाला आपण विचारायच्या आधीच सांगून मोकळा झालेला असतो. लग्नाच्या पंगतीत आग्रह करणारे चार आणि भूक विचारणारा कुणीच नाही, तशातली गत. मावशीचा प्रश्न साधा होता : ‘अरे, यात माझी मराठी कुठे असेल?’

शेवटी लिनक्स मिंट घातलं. मराठीची कळपाटी आतच होती, नुसती निवडायची होती. मग एकदा काळी खिडकी उघडावी लागली. मावशीने चष्मा सारखा केला, एका बोटाने कळ दाबली, आणि पडद्यावर चांदणी उगवली. मिंटमध्ये तिथेही पासवर्डाच्या प्रत्येक अक्षराला एक चांदणी मिळते. मूळ आज्ञावलीत ही सोय होतीच. मिंटवाल्यांनी ती चालू करून ठेवली, इतकंच. त्यासाठी फार विद्वत्ता लागली नसेल, पण अंधारात चाचपडणाऱ्या बोटाची कुणाला तरी आठवण झाली होती. मावशी चांदण्या मोजत होती. ‘एक जास्त पडली वाटतं,’ म्हणाली, आणि शेवटची अलगद खोडली.

तुमच्या घरी असा सेवानिवृत्त लॅपटॉप असेल, तर भंगारात देण्याआधी एकदा पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालवून बघा. डिस्कवरच्या कशालाही हात न लावता ते चालतं. वाय-फाय लागतंय का, प्रिंटर ओळखीचं हसतोय का, मराठी नीट उमटतेय का, एवढं तपासा. आणि घरात त्यातले जाणकार तुम्हीच असाल, तर काळी खिडकी उघडून स्वतःच फटाफट टाइप करू नका. खुर्ची मावशीला द्या, आपण स्टुलावर बसा.