सहाव्या ड्यूकसाहेबांस, रावेरहून

श्रीमंत सहावे ड्यूक ऑफ डेव्हनशर, मुक्काम चॅट्सवर्थ, परगणा डर्बीशर, यांस रावेरच्या एका केळी बागायतदाराचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

आपली बाग पाहिली. तिकीट काढून पाहिली, त्यामुळे बोलायचा हक्क आहे. भोवतालचं हजारेक एकरांचं कुरण मात्र फुकट. तिथे मेंढ्या, हरणं आणि डबे सोडून बसलेली कुटुंबं यांत आपण भेदभाव ठेवलेला नाही, त्याबद्दल आभार.

आपल्या आजोबांनी 'केपेबिलिटी' ब्राउनला आणून जुनी रेखीव बाग मोडली आणि झाडं अशी लावली की देवानेच लावली वाटावी. राहता राहिलं एडेन्सर गाव. वाड्याच्या खिडकीतून रयतेची धुराडी दिसावीत म्हणजे काय! दिसत होतं तेवढं गाव आपण उठवलंत आणि १८४० च्या सुमारास नजरेआड नवं वसवलंत. एक घर स्विस, एक ट्यूडर, एक इटालियन. आमच्याकडे धरणासाठी उठवलेली माणसं पुनर्वसित गावठाणात १८ नागरी सुविधांची वाट बघत म्हातारी होतात. तेव्हा नुसत्या देखाव्यासाठी उठवलेल्यांना इटालियन घर, हे ऐकून ऊर भरून आला.

कारंज्याचं तर काय सांगावं! रशियाचा झार येणार म्हणून आपला मुख्य माळी पॅक्स्टन याने १८४४ मध्ये टेकडीवर आठ एकरांचं तळं खोदवलं. मजूर रात्रीही राबले. पंप नाही, नुसत्या उताराच्या जोरावर पाणी जवळजवळ ३०० फूट उडालं. झार काही आला नाही. आमच्याकडेही मंत्री येणार म्हणून रस्ता होतो आणि मंत्री येत नाहीत; पण रस्ता निदान पहिल्या पावसात निघून जातो. आपलं कारंजं अजून टिकून आहे, हे जरा अतिच झालं.

आता मुद्द्याचं. मूळची चीनकडची एक बुटकी केळ मॉरिशसमार्गे आपल्या काचघरात आली. पॅक्स्टनने ती वाढवली, १८३५ मध्ये तिला फूल आलं आणि नाव लागलं आपल्या घराण्याचं: कॅव्हेंडिश. आमची बसराई तीच, ग्रँड नैनही त्याच गोतातली. खत आमचं, ठिबक आमचं, वादळात आडवी होणारी बाग आमची, नाव तेवढं आपलं. बरं, भाव पडला की केळं पुन्हा आमचंच.

तरी नावाचे धनी या नात्याने एकदा लिलावाला येऊन जावं. झारासारखं करू नये.

कळावे, लोभ असावा.